बचत गटाची वही

ठरवलेले काम मध्येच का सुटते? आपण कुठवर आलो हे मोजले जात नाही, हे त्याचे एक कारण. जळगाव-धुळ्याकडील महिला बचत गटांचे उदाहरण घेऊ. कापूस वेचणीची मजुरी हंगामापुरतीच. शिल्लक राहणे कठीण. गटात साधारण 10 ते 20 जणी ठरल्या दिवशी बसतात, रक्कम सर्वांसमोर मोजतात, वहीत नोंदवतात. एखादीचा हप्ता चुकला की त्याच दिवशी कळते. घरी आजारपण असेल, तर गटातूनच कर्ज मिळू शकते. नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला. त्यात तारणाऐवजी गटाची बचत व परतफेड पाहिली जाई.

2016 मध्ये 138 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रगती तपासत राहिल्याने ध्येय गाठण्यास मदत होते आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांना सांगितली तर परिणाम वाढतो, असे त्यात दिसले.

वर्गात हे करून पाहता येईल. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येकाने आपले ध्येय स्वतः ठरवावे, उदाहरणार्थ, रोज दोन पाने वाचणे. दर शनिवारी नोंदी एकमेकांना दाखवाव्यात. जो मागे पडला असेल त्याला गटाने एवढेच विचारावे, ‘‘कुठे अडले?’’ आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती अडचण दूर करण्यास हातभार लावावा.