जॉन विदरस्पून आणि ‘अमेरिकॅनिझम’

स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे धर्मोपदेशक असलेले जॉन विदरस्पून (१७२३–१७९४) १७६८ मध्ये न्यू जर्सीतील महाविद्यालयाचे अध्यक्ष म्हणून अमेरिकेत आले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कार्यरत धर्मोपदेशक होत. भाषाभ्यासकाला मात्र त्यांचे स्मरण निराळ्या कारणाने होते. १७८१ मध्ये ‘स्कॉटिसिझम’च्या धर्तीवर त्यांनी ‘अमेरिकॅनिझम’ ही संज्ञा घडविली. असे प्रयोग त्यांनी भाषादोषांच्या यादीत घातले. तथापि ते हीनच असतात असे नव्हे, केवळ अमेरिकेत उपजलेले असतात, असेही नमूद केले. ब्रिटनपासून विभक्त झालेला देश आपला भाषिक मानदंड स्वतःच निर्माण करील, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याची मातृबोली लंडनच्या दृष्टीने प्रांतिक ठरे, त्या स्कॉट गृहस्थास राजकीय स्वातंत्र्याचा हा भाषिक फलितार्थ उमगावा, हे स्वाभाविकच होय.