बिशपच्या मागे कुणाला काय मिळालं

घराणी आणि वारसे : लेखांक सहावा

मागच्या लेखात इंग्लंडातल्या उमराव घराण्यांमधल्या धाकट्या मुलांची गत पाहिली. आपल्याकडे मिताक्षरेच्या नियमाने मुलगा जन्मतःच वाटेकरी, त्यामुळे भाऊबंदकी पेटते ती वाटणीवरून. तिकडे वाटणीच नव्हती. पदवी, वाडा, जमीन सगळं थोरल्याचं. बाकीच्यांनी लष्कर, आरमार, वकिली किंवा चर्च गाठायचं आणि थोरल्या भावाला मूल होतंय का, यावर डोळा ठेवायचा. यातल्या चर्चमध्ये गेलेल्या एका धाकट्याची ही हकिकत.

फ्रेडरिक ऑगस्टस हार्वी याचा जन्म १ ऑगस्ट १७३० चा. १७६८ पासून तो आयर्लंडमधल्या डेरीचा बिशप होता आणि १७७९ पासून ब्रिस्टलचा चौथा अर्लही. लोक त्याला ‘अर्ल-बिशप’ म्हणत. त्याच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी उदंड आहेत. एका रिकाम्या झालेल्या जागेसाठी त्याने लठ्ठ पाद्र्यांची दलदलीतून पळण्याची शर्यत लावली, ही त्यातली सगळ्यांची आवडती. खरी असेल, नसेल. त्यापेक्षा त्याच्या मृत्यूनंतर जे झालं ते जास्त चक्रावणारं आहे. अर्लपद एकाकडे गेलं, एक जुनी सरदारकी दुसऱ्याकडे आणि आयर्लंडमधली मिळकत तिसऱ्याकडे. या तिघांतला एक चार वर्षांचा होता.

आधी घराणं. सफोक परगण्यातलं इकवर्थ हे हार्वींकडे पंधराव्या शतकापासून होतं. फ्रेडरिकचे आजोबा जॉन हार्वी १७०३ मध्ये बॅरन झाले आणि १७१४ मध्ये अर्ल. त्यांची दुसरी बायको एलिझाबेथ फेल्टन ही सफोकच्या तिसऱ्या अर्लची नात. ही आजी लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे. फ्रेडरिकचे वडील लॉर्ड हार्वी हे दुसऱ्या जॉर्ज राजाच्या दरबारातले, राणी कॅरोलाइनच्या खास मर्जीतले. नाजूक प्रकृतीचे, तिखट जिभेचे. त्यांच्या बायकी वागण्यावरून कवी अलेक्झांडर पोपने त्यांची अशी काही सालटी काढली की अडीचशे वर्षांनंतरही इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी त्यांना पोपने दिलेल्या टोपणनावानेच ओळखतात. त्यांनी मात्र दरबाराच्या आठवणी लिहून ठेवल्या आणि त्या १८४८ मध्ये छापून आल्या तेव्हा हिशेब चुकता झाला. आई मॉली लेपेल त्या काळातली गाजलेली सुंदरी. माणसांत तीन जाती असतात, पुरुष, बायका आणि हार्वी, हा टोमणा त्याच काळातला. कुणी तो लेडी मेरी वर्टली माँटेग्यूच्या नावावर घालतात, कुणी व्होल्टेअरच्या.

अशा घरातला फ्रेडरिक हा तिसरा मुलगा. म्हणजे अर्लपद आणि त्याच्यामध्ये दोन धडधाकट भाऊ. थोरला जॉर्ज मुत्सद्दी, मधला ऑगस्टस आरमारात. फ्रेडरिकने वेस्टमिन्स्टर शाळा आणि केंब्रिजचं कॉर्पस क्रिस्टी कॉलेज केलं, वकिलीकडे तोंड वळवून पाहिलं आणि अखेर चर्चची दीक्षा घेतली. १७५२ मध्ये शेजारच्या रशब्रुकच्या सर जर्मिन डेव्हर्स यांच्या मुलीशी, एलिझाबेथशी त्याचं लग्न झालं. अँग्लिकन पाद्री संसार करू शकतो. अडचण असते ती संसार चालवायच्या पैशांची, आणि तो पैसा येतो वशिल्यातून.

वशिला घरातच होता. १७६६ मध्ये थोरल्या जॉर्जची आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाली. गंमत म्हणजे जॉर्जने आयर्लंडात पाऊलही ठेवलं नाही आणि वर्षभरात पद सोडलं. पण तेवढ्यात धाकट्या भावाला क्लॉइनचं बिशपपद मिळवून दिलं. १७६७ ची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक डेरीला गेला. डेरी म्हणजे आयर्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत बिशपगाद्यांपैकी एक. चर्चच्या मालकीच्या अफाट जमिनी कुळांना पट्ट्याने दिलेल्या असत आणि पट्टा नवा करताना बिशपला रोख नजराणा मिळे. फ्रेडरिकला हा व्यवहार उत्तम कळत होता. त्याने गादीचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढवलं. पण या पैशाला एक मर्यादा होती. गादी चर्चची, मुलाला मिळणारी नव्हे. बिशप मेला की दुसऱ्या दिवशी उत्पन्न बंद. घरच्यांसाठी काही मागे ठेवायचं तर ते हयातीतच स्वतःच्या नावावर करायला हवं. त्याने अटलांटिकच्या कड्यावर डाउनहिलचा वाडा बांधला आणि आयर्लंडात आपली खाजगी मिळकत उभी केली.

इकडे भावांच्या नशिबाने पाद्र्याला हात दिला. जॉर्जने लग्नच केलं नाही; १७७५ मध्ये तो गेला. ऑगस्टसने १७४४ मध्ये एलिझाबेथ चडली नावाच्या दरबारी मुलीशी चोरून लग्न केलं होतं. दोघांनी ते दडपलं, आणि १७६९ मध्ये बाईंनी किंग्स्टनच्या ड्यूकशी दुसरं लग्न लावलं. १७७६ मध्ये लॉर्डांच्या सभेपुढे तिच्यावर खटला चालला आणि पहिलं लग्न खरं ठरलं. याचा अर्थ ऑगस्टस कायद्याने विवाहित, आणि दुसऱ्या बाईपासून झालेला त्याचा मुलगा कायद्याने कुणीच नाही. १७७९ च्या डिसेंबरात ऑगस्टस वारला तेव्हा अर्लपद सरळ चालत तिसऱ्या भावाच्या, बिशपच्या दारात आलं. एका चोरट्या लग्नाने वंशावळीची अख्खी फांदी छाटली.

बहिणींच्या बाजूनेही हे घर शांत नव्हतं. एका बहिणीचा मुलगा कॉन्स्टंटाइन फिप्स उत्तर ध्रुवाकडची मोहीम घेऊन गेला. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजावर पोरसवदा नेल्सन होता. दुसरीचा मुलगा जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेरल्ड द्वंद्वं खेळणारा दांडगट. १७८३ मध्ये बिशप आयर्लंडच्या स्वयंसेवक दलाचा पुढारी म्हणून थाटात डब्लिनमध्ये शिरला तेव्हा हाच भाचा त्याच्या घोडेस्वारांच्या पुढे होता. तीन वर्षांनी खुनाच्या गुन्ह्यात त्याला फाशी झाली.

खुद्द बिशपच्या घरात काय चाललं होतं? १७८२ मध्ये नवराबायको इकवर्थला घोडागाडीतून फिरायला गेले, परतले ते अबोला धरूनच, आणि पुन्हा एकत्र राहिले नाहीत, असं घराण्यात सांगत. गाडीत काय घडलं ते कुणाला कळलं नाही. बायको इकवर्थला राहिली आणि १८०० मध्ये तिथेच गेली. नवरा युरोपभर हिंडत राहिला, चित्रं आणि पुतळे गोळा करत. त्याचा मुक्काम जिथे पडे तिथल्या खाणावळींची इतकी भरभराट होई की युरोपातल्या अनेक शहरांत जी ‘हॉटेल ब्रिस्टल’ दिसतात त्यांचं मूळ याच माणसात सापडतं, असं मानतात.

मुलींपैकी थोरली मेरी आयर्लंडच्या लॉर्ड अर्नला दिली. ते लग्न टिकलं नाही. मधली एलिझाबेथ, घरात बेस. तिचं लग्न १७७६ मध्ये आयरिश खासदार जॉन टॉमस फॉस्टरशी झालं आणि पाचेक वर्षांत मोडलं. त्या काळच्या कायद्यात मुलं बापाची. फॉस्टरने दोन्ही मुलगे ठेवून घेतले आणि पुढे तो मरेपर्यंत, म्हणजे १७९६ पर्यंत, आईला ते दिसले नाहीत. बाप एवढा श्रीमंत बिशप, नुकताच अर्ल झालेला. पण मुलीला वर्षाला ३०० पौंड द्यायचं कबूल करून तेही वेळेवर पोचवेना. बाथ गावी १७८२ मध्ये बेसची गाठ डेव्हनशरच्या डचेसशी, जॉर्जियानाशी पडली. डचेसने तिला घरी नेलं आणि ड्यूक, डचेस आणि बेस असा तिघांचा संसार जवळजवळ पंचवीस वर्षं चालला. ड्यूकपासून बेसला दोन मुलं झाली. जॉर्जियाना वारल्यावर १८०९ मध्ये ती ड्यूकची रीतसर बायकोही झाली. या प्रकरणावर कादंबऱ्या आल्या, सिनेमा आला. बेसला बहुधा खलनायिकेचं काम मिळतं. मला तिच्या बापाचा हात आखडता होता ही गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी दिसते. याच माणसाने डाउनहिलच्या कड्यावरच्या मसेंडन टेंपल नावाच्या इमारतीच्या खालच्या खोलीत परिसरातल्या कॅथलिकांना मास साजरा करू दिला होता, आणि तेही कॅथलिकांवर कायदेशीर बंधनं असताना. परक्यांच्या बाबतीत एवढं मोठं मन, आणि पोटच्या पोरीला हक्काचे ३०० पौंड सुटत नाहीत.

धाकटी लुइझा १७९५ मध्ये रॉबर्ट जेंकिन्सन नावाच्या तरुण खासदाराला दिली. तो पुढे लॉर्ड लिव्हरपूल म्हणून १८१२ ते १८२७ इंग्लंडचा पंतप्रधान होता.

आता मुलगे. थोरला जॉन ऑगस्टस आरमारात कप्तान होता, काही वर्षं फ्लॉरेन्सला राजदूतही. १७९६ मध्ये तो बापाच्या आधी वारला. मागे मुलगी एकच, एलायझा. उरला धाकटा फ्रेडरिक विल्यम. बापाने त्याच्यासाठी भलतीच सोयरीक काढली: प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याची अनौरस मुलगी. तिची आई, काउंटेस लिख्तनाऊ, हिच्यावर बिशपसाहेब स्वतःच लट्टू होते. मुलाने नकार दिला आणि १७९८ मध्ये आपल्या पसंतीच्या एलिझाबेथ अप्टनशी लग्न लावलं. बाप भडकला.

पण भडकून करणार काय? अर्लपद पुरुष वारसालाच जाणार, ते पदवीच्या सनदेतच लिहिलेलं. इकवर्थची जमीनही त्या पदाबरोबर बांधलेली. बापाच्या हातात होती ती फक्त आयर्लंडात स्वतः उभी केलेली मिळकत. ती त्याने मृत्युपत्राने हेन्री हार्वी ॲस्टन ब्रूस या नातलग पाद्र्याला देऊन टाकली. हा ब्रूस कोण? बिशपचे एक काका हेन्री, तेही धाकटे म्हणून चर्चमध्ये गेलेले. डॉ. जॉन्सनचे हे मित्र; त्यांचं एक प्रवचन जॉन्सननेच लिहून दिलेलं आहे. त्यांच्या मुलीचा हा मुलगा. मसेंडन टेंपल ज्या फ्रायडस्वाइड मसेंडनच्या नावाने उभं आहे ती बिशपची लाडकी नातलग याचीच बहीण. डाउनहिलचा कारभार हाच बघत असे. मुलावरचा राग चुलत शाखेच्या पथ्यावर पडला.

बिशप ८ जुलै १८०३ रोजी रोमजवळ आल्बानोच्या वाटेवर वारला. पाखंडी बिशप आपल्या छताखाली मरायला नको म्हणून घरमालकाने त्याला बाहेरच्या खोपटात ठेवल्याचं सांगतात. आरमाराच्या जहाजातून शव नेताना खलाशांना अपशकुन वाटू नये म्हणून ती पेटी पुतळ्याची आहे असं दाखवलं, हीही गोष्ट त्याला शोभणारी.

तिसरी वाट राहिली. आजी एलिझाबेथ फेल्टनच्या आईकडून आलेली ‘हॉवर्ड द वॉल्डन’ ही जुनी सरदारकी १७९९ मध्ये बिशपकडे आली होती. ती राजाच्या बोलावणीपत्रातून निर्माण झालेली, म्हणून तिला मुलींचं वावडं नव्हतं. नियम असा की मुलगा आधी, पण थोरल्या मुलाची मुलगी ही त्या थोरल्याची जागा घेते आणि हयात धाकट्या काकाच्या पुढे उभी राहते. म्हणून ही सरदारकी फ्रेडरिक विल्यमकडे न जाता एलायझाकडे जायला हवी होती. एलायझा मात्र बिशपच्या आधी, १८०३ च्या जानेवारीतच गेली होती. मग तिचा मुलगा, चार वर्षांचा चार्ल्स एलिस, बिशपचा पणतू, सहावा बॅरन हॉवर्ड द वॉल्डन झाला. पुढे तो मुत्सद्दी म्हणून नावारूपाला आला.

ज्याच्या हातून आयर्लंड गेलं त्या फ्रेडरिक विल्यमचं फार बिघडलं नाही. बापाने १७९५ मध्ये सुरू केलेलं इकवर्थचं अवाढव्य गोल घुमटाचं घर त्याने पुरं केलं. आईच्या माहेरची रशब्रुकची जमीन मामा १८०६ मध्ये वारल्यावर त्याच्याकडेच आली. १८२६ मध्ये तो ब्रिस्टलचा पहिला मार्क्विस झाला. त्या वर्षी पंतप्रधान कोण होता, तर लुइझाचा नवरा. ब्रूसलाही १८०४ मध्ये बॅरोनेटपद मिळालं. पण बिशपने हौसेने बांधायला काढलेला बॅलिस्कलियनचा वाडा त्याला परवडेना. तो उतरवला गेला आणि त्याचे खांब बेलफास्टच्या सेंट जॉर्ज चर्चच्या दर्शनी भागात लागले. आजही तिथेच आहेत.

पुढच्या आठवड्यात एलिझाबेथ चडलीचा १७७६ चा खटला.