चळवळ आणि तिचें पत्र

एखाद्या समाजास आपलें गाऱ्हाणें मांडावयाचें असलें, तर त्याला सभा भरवितां येते, सरकारकडे अर्जही करतां येतो. परंतु सभा संपली कीं शब्द हवेंत विरतात, आणि अर्ज दप्तरांत पडून राहतो. शब्द टिकावा, गांवोगांवीं जावा आणि तेथून त्याचें उत्तर परत यावें, यासाठीं स्वतःचें पत्र लागतें. असें पत्र लोकांच्या चळवळीस नेमकें काय देतें, हें समजून घेण्यास महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास फार उपयोगी आहे.

३१ जानेवारी १९२० रोजीं भीमराव आंबेडकर यांनीं मुंबईंत ‘मूकनायक’ हें पाक्षिक काढलें. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं त्यासाठीं अडीच हजार रुपये दिले. मराठींत तेव्हां वृत्तपत्रांची वाण नव्हती. मग आणखी एक कशाला? या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच अंकांत होतें. चालू पत्रें विशिष्ट जातींचें हित पाहणारीं. बहिष्कृतांवरील अन्यायाची दाद लागण्यास त्यांत पुरेशी जागा नाहीं. हें उत्तर किती खरें होतें, याचा प्रत्यय लौकरच आला. रोख पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’नें ‘मूकनायका’ची जाहिरात घेतली नाहीं, असें आंबेडकरांनीं पुढें नमूद केलें आहे. ते अभ्यासासाठीं पुन्हां विलायतेस गेले, आणि कांहीं वर्षांत पैशाच्या ओढीनें तें पत्र बंद पडलें.

दरम्यान १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनेंही पुढें आपलें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. पण हक्क कागदावर आला म्हणून ओंजळींत पाणी येत नाहीं. तीन वर्षें लोटलीं, तरी तळ्याची पायरी उतरण्याचें धैर्य कोणास होईना. अखेर २० मार्च १९२७ रोजीं, परिषदेसाठीं जमलेले हजारों लोक आंबेडकरांच्या मागोमाग रांगेनें तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते आतां देवळांत शिरणार, अशी हूल थोड्याच वेळांत उठली आणि परतणाऱ्या मंडळींस मारहाण झाली.

या घटनेला दोन आठवडे झाले नाहींत तोंच, ३ एप्रिल १९२७ रोजीं, ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक निघालें. पत्राचें खरें कार्य येथें दिसतें. पहिलें कार्य साक्षीचें. दंगा कोणी केला, मार कोणीं खाल्ला, याची हकीकत आजपर्यंत दुसरेच सांगत. आतां ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांचीच बाजू छापून येऊं लागली. दुसरें कार्य शिकवणुकीचें. सार्वजनिक पाण्यावर हक्क कां पोंचतो, सत्याग्रह म्हणजे काय, तो नीतीस कसा धरून आहे, याचें विवेचन साध्या पण सडेतोड भाषेंत होत असे. तिसरें कार्य तयारीचें. नगरपालिकेनें ऑगस्टमध्यें आपला ठराव मागें घेतला, तेव्हां डिसेंबरांत पुन्हां महाडास जाण्याचें ठरलें. आणि दूरदूरच्या लोकांस एकाच दिवशीं एका ठिकाणीं आणावयाचें, तर तो निरोप सर्वांस सारखाच पोंचला पाहिजे.

वाचतां येणारे थोडे होते, ही अडचण लहान नव्हती. परंतु चाळींत किंवा वस्तींत एक जण वाची आणि दहा जण ऐकत. ऐकणारे प्रश्न विचारीत, वाद घालीत. कान देणारा मनुष्य अशा रीतीनें मत देणारा होतो. नागरिकत्वाची ही पहिली शाळा होय.

२५ डिसेंबर १९२७ रोजीं परिषद भरली आणि मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाण्यास मात्र कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आला. जमलेले लोक पुढें जाण्यास उत्सुक होते. तरीही विचारविनिमयानंतर सत्याग्रह तहकूब करण्यांत आला, आणि मंडळींनीं शिस्तीनें मिरवणूक काढली. संतापलेल्या जमावानें असा संयम दाखवावा, यामागें महिनोन्‌महिने चाललेली चर्चा होती. पुढें दावा दहा वर्षें चालला, आणि १९३७ सालीं मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला.

पत्राची किंमतही मोठी होती. ‘बहिष्कृत भारता’चे बहुतेक रकाने आंबेडकर स्वतःच्या हातानें लिहून काढीत. वर्गणीदार गरीब, जाहिराती दुर्मिळ. १९२९ सालीं तेंही थांबलें. १९३० सालीं ‘जनता’ निघाली. १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, तेव्हां त्याचें म्हणणें मांडण्यास हें पत्र तयार होतें. पुढच्याच वर्षींच्या प्रांतिक निवडणुकींत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. हें यश केवळ पत्राचें नव्हे. परंतु सतरा वर्षें वाचून आणि ऐकून तयार झालेला मतदार त्यामागें उभा होता.

आज शब्द क्षणार्धांत लाखों लोकांच्या हातीं पडतो, आणि छापखान्यावांचूनही ज्याला त्याला आपलें म्हणणें प्रसिद्ध करतां येतें. साधन सोपें झालें, कसोटी मात्र तीच राहिली. लिखाण वाचून मनुष्य केवळ चिडला, कीं कायदा समजून, शेजाऱ्याशीं बोलून, ठरल्या दिवशीं ठरल्या जागीं उभा राहिला? तळ्यावर ओंजळ भरण्यास मनुष्यालाच जावें लागतें. तो एकटा नाहीं, एवढा भरंवसा त्याला देणें, हें पत्राचें काम.