तांब्यातला झेंडू

मागच्या रविवारी लेकीनं चित्र काढायला घेतलं. परसातला झेंडू देठासकट तोडून पितळी तांब्यात ठेवला, खाली सोलापुरी चादर अंथरली आणि बाईसाहेब रंगवायला बसल्या. तासाभरानं पाहिलं तर पाकळ्या रेषेबाहेर, तांब्या तिरका, रंग नुसता थापलेला! मी पडले शिक्षिका. पटकन बोलून गेले, "अगं, हे काय? नीट काढ की!" तिनं मुकाट्यानं कागद फाडला.

रात्री झोप लागेना. आठवण झाली ती चित्रकार के. एच. आरा यांची. १९१४ साली हैदराबादजवळ बोलारमला त्यांचा जन्म. आई लवकर गेली. सातव्या वर्षी पोर मुंबईला पळून आलं. घरगडी म्हणून राबलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आलं. कामातून वेळ मिळेल तेव्हा चित्रं काढायची. १९४२ साली मुंबईत त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. १९४७ मध्ये सूझा, रझा आणि आपल्या पंढरपूरला जन्मलेले हुसेन यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला.

आरांनी आयुष्यभर काय रंगवलं? पुष्कळदा फुलदाणीतली फुलंच! जलरंगसुद्धा तेलरंगासारखे जाडजाड लावायचे. पाकळ्या मोजून काढलेल्या नाहीत, पण फुलांचा टवटवीतपणा थेट आपल्यापर्यंत पोचतो. दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या माणसाला घरातल्या साध्या वस्तूंत एवढं दिसलं, आणि आपण दिवसभर घरातच असून म्हणतो, "इथं काय बघण्यासारखं आहे?"

चित्रकलेच्या परीक्षेत प्रमाण आणि छायाप्रकाश लागतो, तो शिकवायलाच हवा. पण आधी मुलाला जे दिसलं, जे वाटलं, ते कागदावर उतरू द्यावं. नीटनेटकेपणा मागाहून येतो.

मैत्रिणींनो, तुम्हीही करून पाहा. फुलदाणी नसली तर तांब्या, बरणी काहीही चालेल. एका बाजूनं उजेड येईल असं खिडकीपाशी ठेवा. पाच मिनिटं नुसतं बघा. अगोदर मोठे आकार, मग रंग, बारकावे शेवटी. खोडरबर मात्र लांब ठेवा.

सकाळी मी लेकीची माफी मागितली. फाटलेला कागद खळीनं चिकटवून स्वयंपाकघरात लावला. ती म्हणाली, "आई, तू काढ ना एक." लग्नानंतर ब्रश हातात धरला नव्हता. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बसले. माझाही तांब्या तिरकाच आला!