‘तेल्हारा’ पडद्यावर कसे उमटते?

जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या परिवारातून ‘भारओएस’ ही मोबाइलची कार्यप्रणाली स्वदेशी म्हणून जाहीर झाली, तेव्हा ती अँड्रॉइडच्या खुल्या संहितेवर उभी असल्याचा आक्षेप घेतला गेला. परंतु खिडक्या, चित्रे आणि अक्षरे पडद्यावर उमटवणारी आलेखन यंत्रणा प्रत्येक नव्या प्रणालीने स्वतःच बांधली पाहिजे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे पाहण्यास अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातील एखादा सातबारा पुरेसा आहे.

त्यावरचा ‘तेल्हारा’ हा शब्द युनिकोडमध्ये आठ संकेतांकांनी साठवला जातो, आणि त्यांतील ल, हलन्ताचे चिन्ह व ह यांचे एक जोडाक्षर करणे हे यंत्रणेचे काम असते. ‘जिल्हा’ शब्दातली वेलांटी साठवताना ज नंतर येते, पण काढावी लागते ज च्या आधी. आणि ‘तेल्हाऱ्यात’ या रूपातला अर्धा र रफार होऊन डोक्यावर न जाता मराठीच्या रीतीने य ला डावीकडून चिकटला पाहिजे. संकेतांकांच्या रांगेतून अशी योग्य आकृती घडवण्याच्या या क्रियेला अक्षररचना म्हणता येईल.

एमआयटीमध्ये १९८४ साली बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी घडवलेल्या ‘एक्स’ या खिडकी-यंत्रणेत अक्षररचना नव्हती, कारण तिच्या मूळ रचनेत एका संकेतांकाला एकच आकृती गृहीत होती. (ही यंत्रणाही कोऱ्या पाटीवर सुरू झालेली नव्हती, ती स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’वरून निघाली.) लिनक्सवर मराठी आणण्यासाठी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या एनसीएसटीने, ‘इंडिक्स’ प्रकल्पात नवी यंत्रणा न बांधता ‘एक्स’च्या गाभ्यातच अक्षररचना घातली, जेणेकरून जुन्या कार्यक्रमांना हात न लावता देवनागरी दिसावी. निर्णय धाडसाचा होता, पण त्याची किंमतही मोठी होती, कारण दुसऱ्याच्या गाभ्यात केलेला बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारला नाही, तर तो प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा बसवावा लागतो. शिवाय त्याच काळात जगाचा कल अक्षररचना गाभ्याबाहेर, कार्यक्रमांनी वापरायच्या स्वतंत्र संहिता-ग्रंथालयांत ठेवण्याकडे वळला होता.

या इतिहासात र. कृ. जोशी यांचे नाव ठळकपणे घेतले जात नाही, हे खेदाचे आहे. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या मराठी माणसाने एनसीएसटीत अक्षरांकन केले, आणि विंडोजमधील ‘मंगल’ हा फाँटही त्यांचाच. कोणते जोडाक्षर कसे मोडावे आणि मात्रा कोठे टेकावी हे ज्ञान यंत्रणेत शिरते, ते अशा माणसांमुळेच.

नवी यंत्रणा बांधणारे आलेखन-कार्डांच्या चालकप्रणालींचा खर्च बहुधा मोजतात, पण लिप्यांचा हा संचय विसरतात. अँड्रॉइडने ‘एक्स’ सोडून स्वतःची यंत्रणा उभारली, तेव्हा सुरुवातीच्या आवृत्त्यांत मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पुढे त्यानेही अक्षररचनेसाठी ‘हार्फबझ’ हे खुले ग्रंथालय स्वीकारले. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ने तर अक्षरे काढण्याचे काम खिडकी-यंत्रणेकडे ठेवलेच नाही, त्यामुळे खिडक्यांची मांडणी नव्याने बांधायची आणि अक्षररचना मात्र तयार घ्यायची, अशी विभागणी आज शक्य आहे. ‘भारओएस’सारख्या प्रकल्पाला म्हणूनच विचारण्याचा प्रश्न असा, की उसन्या घेतलेल्या संहितेतील दोष दुरुस्त करून त्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पात पोहोचवणारी माणसे त्याच्याकडे आहेत का.