ई-रिक्षाची मागची बाजू बसलीय? कमी खर्चात उचलून द्या, पण आधी टेप लावा



रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना फिरवणारी गोल्फ कार्ट तुम्ही पाहिली असेल. तिची मागची बाजू उंच करून देणं हा परदेशात एक वेगळा धंदाच आहे. आता तुम्ही म्हणाल, "सर, आपल्या गंगाखेडात गोल्फ कार्ट कुठून आणायची?" आणायची गरजच नाही. स्टेशन, बसस्टँड, बाजारपेठ, संत जनाबाईंचं मंदिर, गोदावरीचा घाट, अशा ठिकाणी जी ई-रिक्षा चालते तिचा मागचा सांगाडा जवळपास तोच असतो. एक अ‍ॅक्सल, त्यावर मोटर आणि दोन्ही बाजूंना कमानी पाटे.

आणि हे पाटे बसतात. का बसतात ते आधी समजून घ्या, कारण तुमची कमाई त्या समजुतीवरच आहे.

पाटे का बसतात?

साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या ४ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात. त्यांचं वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि बहुतेक गाड्यांत त्या मागच्या सीटखालीच असतात. म्हणजे गाडी रिकामी उभी असली तरी पाट्यांवर रात्रंदिवस ओझं. नियमानं ई-रिक्षात चालक सोडून ४ प्रवासी आणि ४० किलो सामान चालतं. बाजाराच्या दिवशी किती बसतात, ते तुम्हीही बघता नि मीही बघतो! त्यात काळ्या मातीवरचे खचलेले रस्ते. वर्ष-दोन वर्षांत कमान सपाट होते, खड्ड्यात मागची बॉडी आपटते, टायर मडगार्डला घासतो.

मग रिक्षावाला तुमच्याकडे येतो नि म्हणतो, "भाऊ, मागून दोन इंच उचलून द्या, पण स्वस्तात."

इथं नवा मेकॅनिक लगेच "देतो" म्हणतो. तुम्ही थांबा. आधी टेप लावा.

पहिली १५ मिनिटं फक्त तपासणी

१. मागच्या टायरची हवा बघा. कधी कधी सगळा प्रॉब्लेम तिथंच सुटतो.
२. सपाट जागेवर जमिनीपासून मडगार्डपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोजा. आधी रिकामी, मग चार माणसं बसवून. चारही आकडे वहीत लिहा.
३. एकच बाजू खाली असेल तर तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट किंवा खाल्लेला बुश शोधा.
४. त्याच मॉडेलची चांगली गाडी स्टँडवर सापडली तर तिची उंची मोजा. तुमचं टार्गेट तेच, दोन इंच नाही.

उचलायचे चार मार्ग

*बुश आणि शॅकल पिन बदलणं.* सगळ्यात स्वस्त काम. झिज जास्त असेल तर यानंही थोडा फरक पडतो.

*पाट्यांना पुन्हा कमान देणं किंवा नवा सेट.* उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे पाटे दुरुस्त करणारे कारागीर आपल्या भागात असतात, त्यांच्याशी टाय-अप करा. जुन्या पाट्याला कमान दिली तर तो पुन्हा बसू शकतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. जास्तीचा पाटा टाकला तर ताकद वाढते, पण रिकामी गाडी जास्त उडते.

*लांब शॅकल.* हिशोब लक्षात ठेवा. शॅकल पाट्याच्या एका टोकाला आणि अ‍ॅक्सल मध्यावर असतो. म्हणून शॅकल २ इंच लांब केला तर गाडी साधारण १ इंचच उचलते.

*ब्लॉक.* पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे १ इंचाचा ठोकळा टाकला तर पूर्ण १ इंच मिळतो. पण पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तरच! पाटा खालून असेल तर हाच ठोकळा गाडी आणखी खाली बसवेल. लेथवर बनवलेला एकच भरीव ठोकळा वापरा, एकावर एक दोन रचू नका, आणि यू-बोल्ट त्या मापाचे लांब नवे घ्या.

एक गोष्ट अजिबात करायची नाही: पाट्याला वेल्डिंग किंवा गॅसनं लाल करून वाकवणं. पाट्याच्या स्टीलचं पाणी उतरतं आणि तो भर रस्त्यात तुटू शकतो.

काम झालं की गाडी घोडीवर घेऊन चाकं लोंबकळत ठेवा. ब्रेकची केबल आणि मोटरच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते बघा. १०० किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला गाडी बोलवा. फुकट!

"नाही" कधी म्हणायचं?

ई-रिक्षा अरुंद आणि उंच असते, पुढे एकच चाक. मागून जितकी उचलाल तितकी वळणावर कलंडायची भीती जास्त. त्या मागच्या सीटवर शाळेची पोरं बसतात, म्हाताऱ्या बाया बसतात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीनं दिलेल्या रचनेत मनासारखा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि बोट तुमच्या गॅरेजकडे दाखवलं जातं.

म्हणून नियम सोपा ठेवा: बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती, त्याच्या वर नेणं हा बदल. आपण दुरुस्ती विकतो. ठोकळा आणि लांब शॅकलसुद्धा मूळ उंचीपुरतेच. जास्त माणसं भरता यावीत म्हणून कोणी उंची मागत असेल तर हात जोडा. एक गिऱ्हाईक जाईल, पण नाव राहील.

हिशोब कसा मांडायचा?

समजा सामान १,४०० रुपये आणि तुमची मजुरी ७०० रुपये. बिल २,१०० चं. त्या ७०० मधून जागेचं भाडं, वीज आणि १०० किलोमीटरनंतरच्या तपासणीचा वेळही निघाला पाहिजे. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून बघा. रिक्षावाल्याचा रोजचा हप्ता असतो, त्यामुळे "सकाळी द्या, संध्याकाळी घेऊन जा" हे वचन त्याला शंभर रुपयांच्या सुटीपेक्षा मोठं वाटतं.

सुरुवातीला जॅक, दोन मजबूत घोड्या, पाना-सेट, टॉर्क रेंच, ग्रीस गन आणि टेप एवढं पुरतं. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, बँकेत चौकशी करा.

आजचं होमवर्क: उद्या स्टँडवर जा, ५ रिक्षावाल्यांशी बोला, परवानगी घेऊन त्यांच्या गाड्यांची मागची उंची मोजा आणि वहीत लिहा. किती गाड्या बसलेल्या निघाल्या ते कॉमेंटमध्ये नक्की सांगा. धंदा तुमच्या गावात आहे की नाही, ते ती वहीच सांगेल.