अडलेली पेशी वयात येते तेव्हा

नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या एखाद्या लॅबमधून ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट घरी येतो आणि घरच्यांची नजर सीडी३३, सीडी३४, सीडी११बी अशा ओळींवर अडते. या ओळींत पेशीचं वय लिहिलेलं असतं.

अस्थिमज्जेत पांढरी पेशी वाढते तशी तिच्या आवरणावरची प्रथिनं बदलतात. कोवळेपणी सीडी३४ असतं, ते पुढे मावळतं. पेशी जाणती होऊ लागली की सीडी११बी आणि मग सीडी१६ उमटतं. फ्लो सायटोमेट्रीत या प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून जाते. मुंबईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलसोबत घडवलेल्या, ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात सीडी१९ ही अशीच खूण हेरून पेशी मारली जाते. पण खुणा बदलवून बरं करणारा उपचार मला त्याहून विलक्षण वाटतो.

तीव्र (अक्यूट) ल्युकेमियात पेशी अर्ध्या वयातच अडते आणि तिची संख्या मात्र वाढत राहते. एपीएल या प्रकारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. रिपोर्टमध्ये सीडी३३ ठळक दिसतं. सीडी३४ आणि एचएलए-डीआर बहुधा नसतात. शांघायचे डॉ. वांग झेन्यी यांनी १९८०च्या दशकात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एट्रा हे औषध अशा रुग्णांना दिलं. अडलेल्या पेशी त्याने वयात येऊ लागल्या. पुढे त्याला आर्सेनिकची, आपल्या सोमलाची जोड मिळाली. आज योग्य उपचार वेळेवर मिळालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

‘वेळेवर’ हा शब्द इथे फार मोलाचा. या आजारात सुरुवातीच्या दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून नुसती शंका आली तरी, गुणसूत्रांच्या रिपोर्टची वाट न पाहता, डॉक्टर एट्रा सुरू करतात. उपचारात ताप, धाप किंवा अचानक वजनवाढ दिसली तर त्याच दिवशी कळवायला हवं. पेशी झपाट्याने वयात येतानाचा तो धोका आहे.

उपचाराच्या मधल्या काळातला रिपोर्ट मात्र घरच्यांना घाबरवतो. कोवळ्या आणि जाणत्या खुणा एकाच पेशीवर दिसतात, गुणसूत्रांचा दोषही सापडतो. वयात आलेली ती पेशी मूळच्या रोगट पेशीचीच असते. दोष अंगावर घेऊनच ती आपलं आयुष्य संपवते. एवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवून उपचार बदलायचे नसतात. खरा निवाडा पुढच्या टप्प्याचे उपचार संपल्यावर, अस्थिमज्जेच्या पीसीआर तपासणीत होतो.